पोर नोकरीला लागलं

‘चिमणी’ नावाचा पत्त्याएवढा छोटा संगणक बनवणारे रणदिवेसाहेब मिरजेच्या छंदवर्गाला भेट द्यायला आले, ते स्वतःच्या फोटोचा फलक स्वतःच घेऊन. शाळकरी मुलांनी खेळता खेळता शिकावं म्हणून चिमणी पूर्वी चपलेच्या जोडाच्या किमतीत मिळायची. वर्ग चालवणाऱ्या कुंदाताई टिपणिसांनी तिच्यापासून मुलांकडून एक यंत्र करून घेतलं होतं. दूध उतू जायच्या आत ते बोंब मारायचं. आता मात्र चिमणीची किंमत सायकलीएवढी झाली होती आणि सुट्टीतलं शिबिर बंद पडायची वेळ आली होती.

ताईंनी तसं सांगताच साहेब हसले.

“अहो, चिमणी आता लहान राहिली नाही! माझं हे पोर मोठमोठ्या कारखान्यांत नोकरीला लागलंय. पोर मोठं झालं की खर्च वाढणारच. हे खोडून दाखवा, शिबिराला लागतील तेवढ्या चिमण्या जुन्या भावात देतो!”

“अभिनंदन, साहेब!” कुंदाताई म्हणाल्या. “पण आमच्याकडे पोर नोकरीला लागलं की बाप गल्लीभर पेढे वाटतो. पोर नोकरीला लागल्यावर गल्लीकडूनच वर्गणी काढणारा बाप मी आजच पाहिला!”

सगळा वर्ग खो खो हसला. साहेबांनी जुना भाव कबूल केला आणि ते फलक काखेत मारून निघाले. ताईंनी त्यांना दारात गाठलं.

“चिमण्या सावकाश पाठवा हो, साहेब. पेढे तेवढे आधी येऊ द्या!”