आज रुग्ण मी

"मग माझं नेमकं चुकतं कुठे, सर?"

शलाकाने विचारलं तेव्हा वर्ग रिकामा झाला होता. फॅमिली डॉक्टरांना मनाचे आजार ओळखायला शिकवणारा हा अभ्यासक्रम डॉ. हर्डीकर लांज्याला चालवत. शलाका एडिंबरोहून शिकून आलेली. आपल्या तालुक्यात कोणी मनातल्या मनात कुढत राहता कामा नये, असं तिने ठरवूनच टाकलं होतं. बरोबरीचे सगळे स्वतंत्रपणे रुग्ण बघू लागले होते. तिला मात्र सर अजून सोडत नव्हते.

सर उठले आणि टेबलापलीकडच्या स्टुलावर जाऊन बसले.

"तूच शोध. आज रुग्ण मी."

सरावासाठी वर्गात कोणी ना कोणी नेहमीच असा खोटा रुग्ण होई. शलाका सरसावून बसली.

"बोला आजोबा, काय त्रास होतो?"

"आजोबा? बरं... झोप मोडते."

"कधी?"

"पहाटे. मग चहा टाकतो. दोघांचा होतो... एक कप मोरीत ओततो."

"कामात लक्ष लागतं?"

"शिकवताना लागतं."

"जगणं नकोसं वाटतं का कधी?"

सर खिडकीबाहेर बघत राहिले.

"पहाटे वाटतं..."

"बरं. आणि भूक?"

सर किंचित हसले.

"भूक आहे."

शलाकाने एकही प्रश्न गाळला नाही. निदान सांगितलं, औषध सांगितलं, रोज फिरायला जा म्हणून बजावलं. मग तिचा चेहरा खुलला.

"आता काढा चूक. आणि सर, तुम्ही नाटकात जायला हवं होतं. तो मोरीतला चहा तर अगदी खरा वाटला."

सर स्टुलावरून उठले नाहीत.

वर पंखा घरघरत होता...

आणि शलाकाला काकू आठवल्या, सरांच्या पत्नी. दिवाळीच्या तोंडावर गेल्या. ती भेटायला गेली तेव्हा सरांनीच तिला धीर दिला होता. पुढच्याच आठवड्यात ते वर्गावर हजर. मग कोणी काही विचारलं नाही. तिनेही नाही.

एडिंबरोला शिकलेली दोन-चार वाक्यं ओठांवर आली, ती तिने गिळली. खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून सरांच्या शेजारी ठेवली आणि बसली.



"सर... पहाटे काय होतं?"

सरांनी चष्मा काढला.

"मागच्या दाराची कडी काढतो. विहिरीपर्यंत जातो..."

शलाका हलली नाही.

"मग दूधवाल्याची घंटी वाजते. परत येतो."

"रोज?"

"हल्ली रोज."

मग सर बोलत राहिले. काकूंबद्दल, घराबद्दल, आणि शेवटी पुन्हा विहिरीबद्दल. मध्येच थांबत. थांबले की शलाकाही थांबे. तिचे डोळे भरून आले तेव्हा तिने ते लपवले नाहीत.

"उद्या कडीला हात लावायच्या आधी मला फोन करायचा. आणि आज रात्री घरी एकटं राहायचं नाही. मी तुमच्या भावाला बोलावते. चालेल?"

सरांनी मान हलवली.

तिने त्यांच्यासमोरच फोन लावला. भाऊ न्यायला आला तेव्हा उन्हं कलली होती. सर दारापर्यंत गेले, वळले, आणि वर्गात विद्यार्थी विचारतो तसं त्यांनी विचारलं,

"पुन्हा कधी येऊ, डॉक्टर?"