रिकामी डोली

एकदा एका पहाडी नदीच्या काठी एक वृद्ध आचार्य आणि त्यांचा तरुण शिष्य राहत असत. चैत्रात वरचे बर्फ वितळले की ती नदी गावात शिरे. म्हणून आचार्यांनी रीत घालून दिली होती : फाल्गुनात, पाणी जेमतेम घोट्याएवढे असतानाच, सगळ्या गावाने गुरेढोरे, धान्य, लेकरे घेऊन टेकडीवरच्या देवळापर्यंत जायचे आणि परत यायचे. लोक कुरकुरत, थट्टा करत, पण जात.

शिष्याची आजी पायांनी अधू होती. तिला कुठेही न्यायचे तर डोली लागे. दर फाल्गुनात ती म्हणे, "अरे, उगाच माझी हाडं कशाला खिळखिळी करता? खरा पूर आला की न्या." शिष्याला तिची दया येई. तो तिला घरीच राहू देई.

आणि एका चैत्रात भरदुपारी पूर आला. शिष्य गुरे सोडवायला गोठ्याकडे धावला. आजीला शेजाऱ्यांनी उचलले असेल, असे त्याला वाटले. शेजाऱ्यांना वाटले, नातू आहेच की. टेकडीवर सगळे भेटले, आजी भेटली नाही.

पाणी ओसरले. गावाने गाळ उपसला, भिंती उभ्या केल्या. शिष्य मात्र कुणाशी धड बोलेनासा झाला. पुन्हा फाल्गुन आला, तेव्हा आचार्यांनी रिकामी डोली त्याच्यापुढे आणून ठेवली. "पुढचा दांडा उचल. मागचा मी घेतो."

"गुरुजी, जखमेवर मीठ का चोळता? हिच्यात बसायला आता कोण उरलंय?"

आचार्यांनी मागचा दांडा खांद्यावर घेतला. दोघांनी डोली टेकडीवर नेली. देवळापाशी धाप ओसरल्यावर आचार्य म्हणाले, "बाळ, तुझी माया खरी होती, म्हणून तर तू तिला कष्ट दिले नाहीस. पण संकटात माणूस विचार करत बसत नाही, सवयीने धावतो. तुझे पाय गोठ्याकडे वळले. आजीकडे वळायची सवय गावात कुणाच्याच पायांना राहिली नव्हती. ती आता तुझ्यापासून लागू दे."

शिष्य तिथेच बसून ढसाढसा रडला. आचार्यांनी त्याला रडू दिले.

उतरताना वाटेवरच्या एका ओट्यावर लकव्याने पाय गेलेला एक म्हातारा बसला होता. हसत म्हणाला, "मला राहू द्या हो. खरं पाणी आलं की न्या."

शिष्याने डोली त्याच्यासमोर टेकवली. "नाही बाबा. आजच बसा."

आचार्यांनी मागचा दांडा पुन्हा खांद्यावर घेतला.