आधी पाट, मग पाणी

घाट चढायला अख्खा दिवस लागायचा, तेव्हाची ही फार जुनी गोष्ट. घाटाच्या पायथ्याशी एक सराई होती. तिचा मालक रोज दुपारी पुढच्या दारात उभा राहून घसा ताणून सांगायचा, "या दारातून जो आत येईल, त्याला आधी पाट, मग पाणी, मग पोटभर जेवण. कोण, कुठला, विचारायचं नाही!" वाटसरू खूश होत आणि सराईचं नाव पंचक्रोशीत घेत.

नाव झालं, पाहुणे वाढले, पाट कमी पडू लागले. मालकाने नवे पाट करून घेतले असतील असं वाटतं ना? छे! त्याने स्वयंपाकघरातले पाट उचलून ओसरीवर मांडले आणि जमिनीवरची चूल कमरेएवढ्या ओट्यावर चढवली. "बसलेला माणूस आळशी होतो," तो म्हणाला. तेव्हापासून आतली अकरा माणसं सकाळपासून उभ्याने राबू लागली. जेवायचीही उभ्यानेच, दाराआड, भाकरी हातावर घेऊन.

भाकऱ्या थापणाऱ्या बाईला सगळे आत्या म्हणत. तिचे गुडघे सुजून टम्म झाले, तेव्हा ती मालकाकडे गेली.

"मालक, आमचे पाट आम्हाला परत द्या."

आपली माणसं नाराज आहेत हे ऐकून मालक दुखावला. रात्रभर विचार करून त्याने झेंडूचा हार आणला. दर पौर्णिमेला एकाच्या गळ्यात हार घालायचा आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, असं त्याने ठरवलं. टाळ्या अर्थातच उभ्याने वाजवायच्या.

पहिला मान आत्याचा होता. ऐन जेवणाच्या वेळी मालक हार घेऊन आत आला. आत्याने मान वाकवली नाही. हार हातात घेतला आणि ओट्यावर ठेवला.

"मी पाट मागितला होता, मालक. यावर बसता येत नाही."

"फार बोलायला लागलीस!" मालक भडकला. "बसायची एवढी हौस असेल तर चालती हो!"

आत्याचं घर तिच्या एकटीच्या हातावर चालत होतं. पण आता माघार घ्यायची नाही, हे तिने ठरवून टाकलं. तिने पिठाचे हात धुतले, मागच्या दाराने बाहेर पडली, सराईला वळसा घातला आणि पुढच्या दाराने आत येऊन सरळ पंगतीत पाटावर बसली.

मालक धावत ओसरीवर आला. "हे काय चाललंय?"

"मी या दारातून आत आले," आत्या म्हणाली. "आधी पाट, मग पाणी. कोण, कुठला, विचारायचं नाही."

पंगतीतले पाहुणे मालकाकडे पाहू लागले. घटकेपूर्वी त्याने त्यांनाही हेच ऐकवलं होतं. तो दात-ओठ खात आत वळून ओरडला, "अरे, पाणी आणा!"

पण पाणी आणणार कोण? पाणक्या मागच्या दाराने निघाला होता. पाठोपाठ वाढपी, भांडी घासणाऱ्या बायका, सगळेच निघाले. एकेक जण पुढच्या दाराने आत आला आणि रिकाम्या पाटावर बसला.

मग मालकाने एकट्याने पाणी दिलं, पीठ मळलं, भाकऱ्या थापल्या. अर्ध्या करपल्या, अर्ध्या कच्च्या राहिल्या. तिसऱ्या परातीला त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. टेकायला म्हणून त्याने चहूकडे पाहिलं आणि भिंतीला धरत धरत बाहेर आला.

"आत बसायला काहीच नाही गं," तो म्हणाला.

"माहीत आहे," आत्या म्हणाली. "बारा वर्षं तिथेच उभी आहे मी."

मालकाची मान खाली गेली. "जरा सरकतेस का?"

आत्या तसूभरही हलली नाही. "असं नाही, मालक. मागच्या दाराने बाहेर जा आणि पुढच्या दाराने या. मग पाट मिळेल."

आणि मालक खरोखरच वळसा घालून आला. पाणक्याने सरकून त्याला जागा दिली. करपलेली भाकरी त्याने मुकाट्याने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. चूल पुन्हा जमिनीवर आली, स्वयंपाकघरात अकरा पाट आले आणि पाहुण्यांच्या आधी आतल्या माणसांची पंगत बसू लागली. हार ओट्यावरच सुकून गेला.

तात्पर्य एवढंच: जो दुसऱ्याला वाढतो, त्याला आधी बसायला जागा द्या. आणि जागेऐवजी कोणी हार घेऊन आलं, तर मान वाकवू नका.