घाणा कुणी थांबवला?

फार फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची ते मला विचारू नका. तेव्हा राजे भले होते आणि बैल बोलत होते, एवढ्यावरून काय तो अंदाज करा.

एका गावात तेलाचे दोन घाणे होते. दोन्ही एकाच अंगणात, एकाच मालकाचे. एकावर भानबा राबायचा, दुसऱ्यावर म्हादू. बैल गोल गोल फिरायचे, तीळ भरडला जायचा आणि संध्याकाळी दोघे तेलकट हातांनी घरी जायचे.

त्या गावची एक रीत होती. रोज संध्याकाळी बैलाच्या डोळ्यांवरचं झापड मालकाच्या घरची माणसं काढत. पण गड्याला काम सोडायचं असेल, तर तो ते स्वतःच्या हातानं काढून खुंटीला अडकवी. भांडण नको, बोलाचाली नको. खुंटीवर झापड दिसलं की मालकानं समजायचं, गडी गेला.

एका वर्षी तिळाला कीड लागली. घाण्यात घालायला दाणा उरला नाही. भर दुपारी मालक अंगणात आला, त्यानं स्वतः कासरा ओढून एक बैल थांबवला, मग दुसरा थांबवला. दोनदा घसा खाकरला आणि म्हणाला, "आता काय... बघू. तीळ आला की बघू." आणि तो घरात निघून गेला. माणूस वाईट नव्हता हो, पण अवघड बोलायचं म्हटलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

भानबा उभाच राहिला. घरी जायचं की बसायचं, त्याला काही कळेना. त्याचा बैल कबऱ्या उन्हात आंधळ्यासारखा उभा होता आणि माशांनी हैराण झाला होता. भानबाला दया आली. त्यानं झापड काढलं आणि खुंटीला अडकवलं. त्याचं बघून म्हादूनंही काढलं. झालं, घोळ झाला तो इथेच.

त्या राज्यात राजाचा एक कायदा होता. ज्याचं काम त्याच्या दोषावाचून जाईल, त्याला नवं काम मिळेपर्यंत राजाच्या कोठीतून धान्य मिळे. मात्र आपणहून काम सोडणाऱ्याला दाणाही मिळत नसे. दोघे कोठीवर गेले. कोठावळ्यानं मान वर न करता विचारलं, "झापड कुणी काढलं?"

"मी काढलं," भानबा म्हणाला.

"मग काम तूच सोडलंस. धान्य मिळणार नाही." म्हादूलाही त्यानं तेच सांगितलं.

भानबा डोकं खाजवत घरी आला. घरात तान्हं मूल होतं आणि नाचणीच्या कणगीचा तळ दिसत होता. धान्य मिळालं नाही तर ते पोर पाठीशी बांधून परमुलखात काम शोधत फिरायचं, हे त्याला दिसत होतं.

"सगुणा, मी काम सोडलं का गं?" त्यानं बायकोला विचारलं.

"मला काय विचारता? तिथे तुम्ही होतात."

"होतो ना. तरी कळत नाही बघ."

शेजारी म्हणाला, सोडलंसच की, झापड काढलंस ना. न्हावी म्हणाला, छे, तू कुठे सोडलंस, तुला काढलं. भानबाला दोघांचंही पटलं. असा माणूस काय करणार, सांगा!

शेवटी सगुणाच म्हणाली, "कोठावळा म्हणजे राजा नव्हे. त्याचा निकाल पटला नाही, तर अमावास्येच्या आत राजाच्या आत्यासाहेबांपुढे गाऱ्हाणं घालता येतं. माझ्या माहेरी एकानं घातलं होतं."

भानबा म्हादूकडे गेला. म्हादू म्हणाला, "राजाच्या माणसानं नाही म्हटलं, विषय संपला. वर जाऊन भांडलो तर लोक हावरट म्हणतील. तू जा बाबा."

भानबा निघाला खरा, पण सांगायचं काय तेच त्याला उमजेना. वाटेत मालकाच्या गोठ्याशी तो थबकला. कबऱ्या रवंथ करत बसला होता.

"कबऱ्या, तूच सांग. मी तुला सोडून गेलो का रे?"

"झापड काढलंस तेव्हा मी चालत होतो की उभा होतो?" बैलानं विचारलं.

"उभा होतास."

"मला उभं कुणी केलं? डोळे झाकलेले असले तरी हात कळतो मला. तो हात तुझा नव्हता." एवढं बोलून तो पुन्हा रवंथ करू लागला.

आत्यासाहेब ओसरीवर वाल सोलत बसल्या होत्या. भानबानं अडखळत, उलटसुलट, पण सगळं सांगितलं. त्यांनी मालकाला आणि कोठावळ्याला बोलावून घेतलं.

"घाणा कुणी थांबवला?" त्यांनी मालकाला विचारलं.

मालकानं मान खाली घातली. "मी. उद्यापासून येऊ नका, एवढंच म्हणायचं होतं. पण याच्या घरी तान्हं पोर, मला म्हणवेना."

"पण आत्यासाहेब, रीत अशी आहे की..." कोठावळा बोलू लागला.

"रीत चालतं काम सोडणाऱ्यासाठी आहे," आत्यासाहेब म्हणाल्या. "थांबलेलं काम कुणी सोडेल कसं? याला धान्य दे."

भानबाची कणगी भरली. तो धावतच म्हादूकडे गेला आणि म्हणाला, "आत्ता जा, आजच जा." म्हादू म्हणाला, "बघतो." बघता बघता अमावास्या होऊन गेली. मग घरातली पोरं भुकेनं रडू लागली, तेव्हा तो ओसरीवर जाऊन उभा राहिला.

आत्यासाहेबांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. "तुझं म्हणणं खरं आहे," त्या म्हणाल्या. "भानबाइतकंच खरं आहे. पण मुदत गेली रे. आता माझ्याही हातात नाही."

"खरं आहे, तर मिळत का नाही?" म्हादूनं विचारलं. त्याला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

भानबानं आपल्या धान्यातलं अर्धं त्याला दिलं. दोन घरांना ते कुठवर पुरणार? एका सकाळी म्हादूनं दाराला कडी घातली आणि बायकापोरांना घेऊन तो परमुलखाची वाट चालू लागला. पुढे तीळ आला, मालकानं दोघांनाही निरोप धाडला. भानबा आला. म्हादूच्या घाण्यावर परका माणूस लागला, आणि म्हादूचं घर बंदच राहिलं.

म्हणून बाळांनो, हक्काचं कुणी एकदा नाकारलं तर गप्प बसू नये. ते पुन्हा मागावं, आणि वेळेत मागावं.