क्लचचा पाय

“...पण वस्ताद, ज्या गाडीत क्लचच नाही, ती चालवणाऱ्याला चालक म्हणायचं की प्रवासी?”

सौदामिनी इंगवलेने हे विचारले तेव्हा बादशाहभाई शिकलगार स्पार्क प्लग पुसत होते.

कोल्हापुरात तालमीतल्या गुरूप्रमाणे गॅरेजमधल्या गुरूलाही वस्ताद म्हणण्याचा प्रघात आहे. आखाड्यात उतरण्यापूर्वी मल्ल जशी आज्ञा घेतो, तशीच स्वतः पन्नास वर्षे घाटात गाडी चढवलेल्या बादशाहभाईंच्या हाताखाली घडलेला प्रत्येक चालक घाटाच्या शर्यतीपूर्वी त्यांची आज्ञा घेतो. आज्ञेवाचून कोणी उतरल्याचे उदाहरण निदान सांगणाऱ्यांच्या स्मरणात नाही.

सौदामिनीने ही शर्यत लागोपाठ तीन वर्षे जिंकली होती. चौथीला पाच आठवडे उरले होते. मधल्या काळात तिच्या डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. वर्षभर क्लच दाबायचा नाही, दाबलास तर गुडघा कायमचा जाईल, असे डॉक्टरांनी बजावले होते. ती ज्या संघाकडून उतरायची, त्या संघाने तिच्यासमोर एकाच बनावटीच्या दोन वेगवान गाड्या ठेवल्या होत्या. एक मॅन्युअल, दुसरी बिनक्लचची ऑटोमॅटिक. संध्याकाळपर्यंत एक निवडायची होती.

“शर्यत सोडणार नाही,” ती म्हणाली. “आणि गिअरही सोडणार नाही. तुम्ही फक्त आज्ञा द्या.”

“गुडघा?”

“चढाई सहा मिनिटांची. तेवढा टिकला की झालं.”

“नि सातव्या मिनिटाला?”

“सातव्याचं सातव्याला बघू.”

वस्तादांनी प्लग खाली ठेवला.

“दोन्ही गाड्या चालवून बघितल्यास?”

“ऑटोमॅटिकला हातसुद्धा लावला नाही. आईला बाजारात न्यायला बरी आहे ती.”

“मग मला ने. मीबी म्हाताराच हाय.”

...

त्याच सकाळच्या उन्हात लाल ऑटोमॅटिक गाडी घाटाच्या पायथ्याला लागली. सौदामिनी स्टिअरिंगवर, वस्ताद शेजारी. पहिली दोन वळणे ती चढली. तिसऱ्या वळणावर, जिथे मॅन्युअल गाडीत गिअर उतरवावा लागतो, तिथे तिचा डावा पाय सवयीने उचलला गेला आणि नसलेल्या क्लचवर जोराने आपटला.

तिथे ब्रेक होता.

गाडी जागच्या जागी थांबली. दोघेही पुढे फेकले जाऊन पट्ट्यांत अडकले. मागून आलेल्या भाजीच्या टेम्पोने कशीबशी बगल दिली. टेम्पोवाल्याने खिडकीतून डोके बाहेर काढले.

“काय वस्ताद, नवी शिकवणी लावली जनू! आधी मैदानात तरी फिरवा की बाईला!”

तीन वेळची विजेती लाल झाली. तिने गाडी कडेला घेतली, उतरली, कठड्यावर बसली. गुडघा धरला.

“बघितलंत? ही गाडी माझी नाही. माझं अंग ऐकत नाही हिचं.”

वस्ताद तिच्यासमोर जमिनीवर उकिडवे बसले आणि तिच्या डाव्या बुटाची नाडी स्वतःच्या हाताने सोडू लागले.

ती दचकली. “वस्ताद! माझा पाय नका धरू. पाप लावता काय मला?”

“तुझा कुठं धरलाय? क्लचचा पाय हाय ह्यो. दमलाय. त्याला जरा सुट्टी देतोय.”

बूट निघाला. वस्तादांनी तो मागच्या सीटवर टाकला.

“आता चल. अनवाणी पाय डावीकडं सारून ठेव. त्याला थंड पत्रा लागू दे, म्हंजे ध्यानात राहील. नि आता थांबायचं नाही.”

ती थांबली नाही. पहिल्या काही वळणांना तिचा ओठ दातांखाली होता. नंतर तो सुटला. माथ्यावर तिने गाडी उभी केली, तेव्हा खाली दरीत धुके विरत होते.

...

“अकराव्या वळणाला काय होतं?” वस्तादांनी विचारले.

“झऱ्याचं पाणी उजवीकडून रस्त्यावर आलंय. बाहेरच्या कडेला बारीक खडी सांडलीय, तिथं मागचं चाक सरकणार. आणि दरडीला नवी जाळी ठोकलीय, त्यामुळं आत हातभर जागा जास्त मिळते.”

“नि गेल्या साली काय होतं?”

तिचा डावा हात आपोआप गिअरच्या दांड्याकडे गेला.

“सांग की. तीनदा जिंकलीस त्याच वळणावरनं.”

“...दुसरा गिअर होता.”

“आणि?”

“आणि काही आठवत नाही. सगळं लक्ष त्या गिअरवरच होतं.”

मग तिने फोन काढला आणि संघाच्या व्यवस्थापकांना लावला.

“ऑटोमॅटिक,” ती म्हणाली. पलीकडून काहीतरी विचारले गेले असावे. “नाही, गुडघ्यासाठी नाही. जिंकायचंय म्हणून. हसू देत ज्यांना हसायचंय त्यांना.”

फोन ठेवून ती वस्तादांसमोर वाकली. त्यांनी तिच्या पाठीवर, तालमीत मारतात तशी, एक सणसणीत थाप मारली. आज्ञा झाली.

सरळ होता होता तिच्यातली जुनी खोड पुन्हा जागी झाली.

“एक विचारू? रागावू नका. तुम्हाला हे ठाऊक होतं, तर पन्नास वर्षं याच घाटात कशाला गिअर टाकत बसलात?”

बादशाहभाईंनी खाली वळत गेलेल्या रस्त्याकडे पाहिले...

“मला वाटायचं, गाडी मीच चढवतोय.”