ताकाचा तांब्या आणि आत्याची मोटारसायकल

लहानांनो आणि मोठ्यांनो, ही गोष्ट फार जुनी. इतकी जुनी, की त्या गोष्टीतली मोटारसायकल मात्र तेव्हाही जुनीच होती.

घाटाच्या अलीकडे एक गाव होतं, पलीकडे वाडी. वैद्य गावात, आजारी माणसं दोन्हीकडे. गावातली एक बाई मोटारसायकलवरून काढ्याच्या बरण्या वाडीला पोचवायची. पुढे तिची नजर मंदावली. गाडी गोठ्यात गेली आणि तिच्या सीटवर कोंबड्या बसू लागल्या.

त्या बाईची भाची फार दचकणारी. ताटली पडली तरी उडायची. पण तिला आत्याचंच काम हवं होतं.

काम देण्याची रीत ठरलेली होती. ताकाने काठोकाठ भरलेला उघडा तांब्या गाडीला बांधायचा आणि ऊन डोक्यावर यायच्या आत वाडी गाठायची. ज्याच्या तांब्यात जास्त ताक उरेल, बरण्या त्याच्या हाती.

"इंजिन मोठं बसव," लोहार म्हणाला. "पाटलांचे जावई नवी गाडी घेऊन उतरतायत."

"काका, आधी ब्रेक बघायचाय."

"शर्यत थांबून जिंकतात होय गं?"

"उतारावर मला भीती वाटते."

पारावर हशा पिकला. जावई म्हणाले, "ताई, तांब्या डोक्यावर घेऊन चालतच या ना."

आत्या तेवढी हसली नाही. "कुठे कुठे भीती वाटते ते सांग," ती म्हणाली, "आणि त्याच क्रमाने गाडी उघड."

पोरीने पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक बसवला. खड्ड्यांसाठी नवे शॉकअप घातले. वळणांसाठी मोठा हॉर्न. इंजिनासाठी एकच दिवस उरला. त्यात कार्ब्युरेटर साफ झाला, चेन बदलली, बस्स.

शर्यतीत जावई पुढे गेले. उताराच्या तिसऱ्या वळणावर म्हशी आडव्या आल्या. जावयांची गाडी कशीबशी थांबली. ताक काही थांबलं नाही, ते सदऱ्यावर आलं.

मागून पोरगी आली. ती दचकली, पण महिनाभर ती याच वळणावर मनात म्हशी बघत होती. हात आधीच ब्रेकवर होता. गाडी अलगद थांबली.

एका म्हशीने तांब्यात डोकावलं. "माझ्यासाठी आणलंस का गं?"

"परत येताना देते, मावशी. जरा सरकता?"

म्हैस सरकली. आता ब्रेकवर भरवसा बसला होता. पोरीने मूठ पिळली आणि जुनं इंजिन तरुणपणीसारखं गर्जत सुटलं.

वाडीच्या म्हाताऱ्याने तांब्यात बोट बुडवलं. ताक दोनच बोटं उणं होतं. ऊन अजून डोक्यावर यायचं होतं.

त्या दिवसापासून बरण्या तिच्याकडे आल्या, आणि म्हशीला तिचं ताक मिळालं. लोहार तर तेव्हापासून गाडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला पहिलं हेच विचारू लागला, "भीती कुठे वाटते?"

तात्पर्य: भीती बोट दाखवते ती जागा आधी दुरुस्त करावी; वेग मागून आपणहून येतो.