जायफळाचा एकच वेढा

लई मागं, खारोट्या वैदकी करायच्या तेव्हा, बोरीच्या बुंध्याशी झिंगरी नावाची म्हातारी खार राहायची. सहाणेवर औषधं उगाळून बाळगुटी करण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे.

ऐन थंडीत लाखी शेळी करडाला ढकलत आली. डोळे तांबारलेले. "झिंगरीमावशे, सात दिवस झाले, हे मेलं नुसतं रडतंय. माझा डोळ्याला डोळा नाही. झोपव बाई याला!"

झिंगरीनं करडासाठी एका वाटीत वेखंडाचे दोन वेढे उगाळले, जायफळाचा एक.

"एकच? दहा घे की!"

"अगं, लेकरू आहे. जायफळाचा एकच असतो."

"मग मी मरू का?" लाखीनं शिंगं उगारली. करडू भेदरून आणखीच रडायला लागलं.

झिंगरीनं मिशा चाटल्या. "बरं बाई, तुझंच खरं." तिनं दुसऱ्या वाटीत जायफळाचे चार वेढे उगाळून गरम दुधात कालवले. "पण आमच्यात रीत आहे. आधी आईनं चाखायचं."

"किती?"

"वाटी चाटूनपुसून."

लाखीनं वाटी लख्ख केली, तिथंच उन्हात बसली नि बघता बघता घोरायला लागली. तिची धुसफुस थांबली तसं करडू तिच्या उबदार पोटाशी शिरलं आणि गपगार झोपलं.

संध्याकाळी लाखी उठली, करडाला मायेनं चाटायला लागली. "मावशे, गुण आला गं तुझ्या गुटीला! उद्या परत दे याला."

"याला?" झिंगरी पोट धरून हसली. "याची वाटी अजून तशीच पडलीये, भवाने!"